आमच्या दोघांचं चॅनेल

— नाही नाही, बसा हो, त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो एवढंच, पडत नाही ती. हां, अशी भिंतीला टेकवा. आणि उशीर झाला म्हणून एवढं तोंड कशाला उतरवायचं? तुमचे वडील आमच्या ह्यांच्या बोटीवर गेलेत, कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या नाही. जेवायच्या वेळेपर्यंत येतो म्हणाले होते, मान्य — पण मासा काय घड्याळ बघून गळाला लागतो? आणि त्यातून सेलफिश लागला की संपलंच! पाठीवरचा तो शिडासारखा पंख उघडून असा उसळतो पाण्याबाहेर, आणि दोरी सुटते ती सुटतेच, रीळ नुसतं किंचाळत असतं. त्यात कुणाला भूक आठवतेय? सकाळी बघितलं ना मी तुमच्या वडिलांना — तुम्ही गाडीतून सोडलंत, मागे वळून बघितलंसुद्धा नाहीत, पण मी बघत होते — काय उत्साह! रिटायर झाल्यापासून हेच एक डोक्यात होतं म्हणाले. बोटीवर उडी मारूनच चढले. मी म्हटलं, साहेब, सावकाश, तर म्हणे बाई, आयुष्यभर सावकाशच केलं सगळं.

चहा टाकू? नको? बरं. मी आपलं शिवत शिवत बोलते, तुम्हाला चालेल ना? हा झेंडा आहे. मासा आम्ही मारत नाही, माहीत आहे ना? बोटीजवळ आणायचा, चोचीला धरायचा, फोटो काढायचा, जा बाबा म्हणायचं आणि सोडून द्यायचा. आणि जितके सोडले तितके झेंडे वर चढवून बंदरात शिरायचं. गिऱ्हाइकं घेऊन जाणाऱ्या इथल्या सगळ्याच बोटवाल्यांची रीत आहे ती. धक्क्यावरची माणसं लांबूनच झेंडे बघतात आणि उद्या कुणाच्या बोटीवर जायचं ते ठरवतात. आमच्या ह्यांचे झेंडे वाऱ्यानं फाटतात फार, म्हणून मी कडा दुहेरी घालते. टोपीवाल्याचे बघा कधी, नुसती सुतं लोंबत असतात.

टोपीवाला कोण? या इकडे खिडकीशी. ती पांढरी बोट दिसते, पार तिकडे समुद्रात? तीच त्याची. दिवसरात्र डोक्यावर टोपी, बायकोनं तरी त्याचं टक्कल बघितलंय की नाही देव जाणे. वर्षानुवर्षं आमच्या ह्यांना पाण्यात पाहतो. का तर ह्यांची एक जागा आहे, तिथे मासा असतोच. बाकी सगळे रिकाम्या हातानं आले तरी आमच्या बोटीवर झेंडे असतातच. मग टोपीवाला काय करतो, दुर्बीण लावून बसतो! हे इकडे वळले की तो इकडे, हे तिकडे वळले की तो तिकडे. मग हे मुद्दाम भलत्याच दिशेला जाऊन गळ टाकून बसतात, बराच वेळ बसतात, आणि तो कंटाळून गेला की हळूच निघतात. पोरकटपणा नुसता. पण पोट आहे हो त्याच्यावर. ती जागा कुणाला माहीत आहे सांगू? ह्यांना, माझ्या दिरांना, आणि मला. बस्स. आणि म्हणून तर वायरलेसवरसुद्धा आमचं वेगळं चॅनेल आहे. सगळ्या बोटी एका चॅनेलवर बोलतात, जो तो ऐकतो. आम्ही मात्र आमच्या दोघांचं एक धरलंय, कोपऱ्यातलं, तिथे कुणी फिरकत नाही. मासा लागला की हे लगेच मला सांगणार, "एक झाला गं" — आणि मी इथे झेंडा काढून ठेवणार. मोबाईल लागतच नाही तिथे. तेव्हा काही कमीजास्त असतं तर ह्यांनी मला सांगितलंच असतं की नाही? म्हणून म्हणते, निवांत बसा.

काय म्हणालात? दिवा? कुठला दिवा?

अच्छा, वायरलेसच्या सेटवरचा. तो... तो लागतच नाही कधी कधी. जुना सेट आहे. असं काय बघताय? बरं बाबा, बंद आहे. मीच केलाय बंद. झालं? खोटं कशाला बोलू तुमच्याशी — सकाळी आमचं वाजलं जरा. नवराबायकोत वाजायचंच, तुमचं लग्न झालंय ना? मग तुम्हाला काय सांगायचं! मी आपली काळजीनं दोन शब्द बोलले, तर डोक्यात राख घालून म्हणे, "आज दिवसभर तुझा आवाज ऐकायचा नाही मला." मला! इतकी वर्षं त्या खोक्याला कान लावून बसणारीला! म्हटलं ठीक आहे, नका ऐकू, बघूच आधी कोण बोलतं ते. आणि धक्क्यावरची गाठ सुटून बोट वळते न वळते तोच केला खटकन बंद. नुसतं ऐकत बसायला काय जातंय असं तुम्हाला वाटत असेल — नाही हो, मला माझा स्वभाव माहीत आहे, त्यांचा आवाज आला की मी बोलणारच. मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हासुद्धा मी हटून बसले, आणि संध्याकाळी हे आले, झेंडे फडकवत आणि तोंड असं एवढं करून! धक्क्यावर उतरून म्हणतात, "घसा बसला माझा हाका मारून." मी हसले, मग हेही हसले. तसंच होणार आजही. हा झेंडा पण त्यासाठीच शिवतेय, नवा देईन म्हटलं हातात, की गेला राग.

कशावरून म्हणजे? कशावरूनही. भांडायला कारण लागतं का? ते आपलं... भावोजींवरून. माझे दीर हो. ते असतात ना बोटीवर नेहमी, चाक त्यांच्या हातात असतं. मासा लागल्यावर हे मागे, गिऱ्हाइकाजवळ — दोरी ढिली सोडा, आता ओढा, आता थांबा — आणि बोट सांभाळायची भावोजींनी. दोन माणसं लागतातच त्याला. मी तेच म्हणत होते, आज एकटे नका जाऊ... एकटे म्हणजे, तुमचे वडील आहेत की. धडधाकट आहेत. भावोजी? ते टोपीवाल्याच्या बोटीवर गेलेत, बघा! सख्खा भाऊ! मी नाही नाही ते बोलले त्यांना — फितूर म्हटलं, अन्नाला जागला नाहीत म्हटलं. जाताना एवढंच म्हणाले, "वहिनी, जागा मी कुणाला दाखवणार नाही. पण दादा डॉक्टरकडे जात नाही तोवर मी त्या बोटीवर पाय ठेवणार नाही."

डॉक्टरकडे — असंच हो. विशेष काही नाही. घेरी येते त्यांना कधीमधी. उन्हानं येते कुणालाही. गेल्या आठवड्यात जेवता जेवता हातातला पेला पडला, आणि मग थोडा वेळ... थोडा वेळ मी काय म्हणतेय ते त्यांना कळत नव्हतं. माझ्याकडे बघत होते, पण असं, जसं दुकानात कुणी अनोळखी बघतं. मग झाले ठीक! हसायलाच लागले. आणि हे तुम्ही बाहेर बोलायचं नाही हं, हात जोडते. एकदा बंदरात बभ्रा झाला की कोण चढणार आमच्या बोटीवर? तुम्ही तरी पाठवलं असतंत का वडिलांना?

उठलात कशाला? अहो बसा! ओरडू नका, ओरडू नका माझ्यावर, तुमचे वडील आहेत तसा माझाही नवरा आहे तिकडे! तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही उशीर झालाय ते? तुमच्याशी इतकी बडबड का करतेय मी? मला वाटलं, सेट लावला आणि काहीच ऐकू आलं नाही तर? बंद आहे तोवर म्हणता तरी येतं की हे रागावलेत म्हणून —

लावते. लावते म्हटलं ना. सरका.

...

हा आवाज ह्यांचा नाही.

तुमचे वडील ना? तेच आहेत? "कुणी आहे का, कुणी आहे का" — देवा, कधीपासून हाका मारतायत, आवाज बसलाय त्यांचा. आमच्या चॅनेलवर! तिथे माझ्याशिवाय कोण ऐकणार! साहेब! अहो साहेब, मी इथे आहे, बटण सोडा! बोलून झालं की बटण सोडा! दाबूनच धरलंय हो त्यांनी, माझं ऐकू कसं जाणार... ह्यांचा श्वास चालू आहे म्हणतायत. ऐकलंत ना तुम्ही? श्वास चालू आहे म्हणाले. डोळे उघडे आहेत. मासा अजून दोरीला आहे, त्याचं काय करू विचारतायत... अहो मरू दे तो मासा! थांबा, हे असं नाही होणार. सगळ्यांच्या चॅनेलवर जायला हवं. कुठलं ते — हां.

ऐका, सगळ्या बोटींनी ऐका! टोपीवाले, ऐकताय का? मी बोलतेय, हो, मीच. आमचे हे पडलेत बोटीवर. बरोबर फक्त गिऱ्हाईक आहे, त्यांना बोट चालवता येत नाही. तुम्हीच जवळ आहात. जागा सांगते. दीपगृहाच्या मागे पाण्याची टाकी लपेपर्यंत सरळ बाहेर जा, मग दगडाची खाण डाव्या हाताला पूर्ण उघडी दिसली की थांबा. तीच जागा. हो, तीच, तुम्ही शोधत होतात ती. लिहून घ्या, पाठ करा, काय वाटेल ते करा, पण आत्ता निघा. आणि भावोजींना सांगा — आहेत का तिथे? भावोजी, तुमचं बरोबर होतं. मी बोलले ते सगळं मागे घेते. दाखवा त्यांना. लवकर दाखवा.

वळली का ती पांढरी बोट? बघा ना खिडकीतून, माझे डोळे भरलेत, मला दिसत नाहीये. वळली? खरं सांगा. वळली ना?

तुम्ही पळा आता, धक्क्याच्या टोकाला बंदराचं ऑफिस आहे, डॉक्टर बोलवा म्हणावं, गाडी उभी ठेवा म्हणावं. थांबू नका. वडील तुमचे ठीक आहेत, आवाज ऐकलात ना त्यांचा? मला परत आमच्या चॅनेलवर जायचंय. जा!

...साहेब? साहेब, सोडलंत बटण? हां, असंच. माझा आवाज येतोय? रडू नका, बोट निघालीये तुमच्याकडे. दोरी कापून टाका, चाकूनं, हो, जाऊ दे त्याला. आता एक करा. ते हातातलं बोलायचं यंत्र आहे ना, माझा आवाज येतोय ते, वायर लांब होते त्याची, ह्यांच्या कानाशी न्या ते. जवळ. अजून. नेलंत?

अहो. मी आहे. ऐकताय? मीच आधी बोलले. तुम्ही जिंकलात, मी हरले, बघा. आता तुम्ही बोला.