पहारेकऱ्याची ओळ

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा गाल सुजला होता, तरी मोबाइलवरची नजर हलत नव्हती.

"ताई, आमचा जादूच्या गोष्टींचा ग्रुप आहे ना, त्यात रोज प्रत्येकानं एक ओळ लिहून राज्याची गोष्ट पुढे न्यायची असते."

"बरं, मग?"

"पहारेकरी नावाचा एक नवा आलाय. परवा त्यानं राणीच्या किल्ल्याला निळं दार लावलं."

"निळी दारं पुष्कळ असतात गं."

"काल लिहिलं, तिसरी पायरी फुटलीय आणि रिकाम्या कुंडीत लंगडी मांजर झोपते."

"आपली मनी?"

"त्या गोष्टीतली राणी मीच आहे, ताई."

"तूच कधीतरी फोटो टाकला असशील."

"फोटो कसला, माझं खरं नावही तिथे कुणाला माहीत नाही."

"घरी गेल्या गेल्या बाबांच्या कानावर घालू. आज काही लिहिलंय का त्यानं?"

"आत्ताच."

"वाच."

"'राणी वैद्याच्या दारात बसली आहे. गाल सुजलाय. बहिणीला सगळं सांगते आहे.'"

"बघू इकडे."

"हळू बोल. आणि ताई, मान वर करू नकोस."