कापसाचे ढीग आणि नकाशाचे रंग

लोकसंख्येचा नकाशा कसा करावा, हे मले एका बाईनं शिकवलं बरं का. घाटंजीकडच्या गावायचा नकाशा होता. जास्त लोकायचं गाव गडद रंगात, अन् गडद गावाले दवाखाना भेटणार होता. मी आकड्यायचे पाच सारखे टप्पे पाडले, तं घाटंजी शहर एकटंच गडद अन् बाकी सारी गावं फिक्की.

नकाशा दाखवला त्या सभेत एका तांड्याची सरपंच शेवंताबाई उठली. "आमचा एवढा मोठा तांडा अन् ते चार घरायचं गाव एकाच रंगात काहून?"

"टप्पे सारखे पाडले नं, काकू."

"घरी कापसाचे ढीगही सारखेच पाडतं का?"

"नाई. जिथं पांढरा कापूस संपून डाग पडलेला लागते, तिथून दुसरा ढीग."

"मंग रंगही तसाच बदल."

आकड्यायमध्ये जिथं मोठा फरक होता, तिथून मी नवे टप्पे पाडले. तांडा गडद झाला.

"वा काकू, तांडा वाढला!"

"एकही माणूस वाढला नाई, बापू. होते ते तुलेच दिसत नव्हते."