खडीवर चालणारा बोर्ड

बाबा: ठेव तो खाली. म्हाताऱ्यांचा बोर्ड आहे तो.

आई: म्हातारे स्केटबोर्ड चालवत नाहीत. तुला सोडून.

बाबा: तू गप बस गं. हे बघ पिल्ला, उड्या मारायच्या तर अरुंद फळी लागते. छोटी, कडक चाकं. दोन्ही टोकं वर वळलेली. मागचं टोक पायानं आपटायचं की बोर्ड उचलला जातो.

आई: उड्या मारायच्यात हे ती म्हणाली, की तूच ठरवलंस?

बाबा: रक्तात आहे तिच्या.

आई: रक्त मी पाहिलंय. डॉक्टर तुझी हनुवटी शिवत होते तेव्हा बाहेर मी एकटी बसले होते. तुझे दोस्त केव्हाच पळाले होते. हिला हा रुंद घेऊ. माझ्याकडे बागेभोवती छान गुळगुळीत वाट आहे.

बाबा: बागेभोवती! हातात कुत्र्याची साखळीही दे मग. माझ्या घराखाली पायऱ्या आहेत, कठडा आहे, पोरं रोज खेळतात तिथे.

आई: तुझ्या घरी ती शनिवार-रविवार असते. बाकीचे दिवस कुठे असते, विसरलास?

बाबा: काढ, काढ. कोर्टाचा कागदही काढ पर्समधून. इथेच वाच मोठ्यानं.

मुलगी: दुकानदार बघतोय.

आई: बघू दे. ह्याला आयुष्यभर प्रेक्षकच लागलेत.

मुलगी: मला तो हवाय. भिंतीवरचा. लांब.

बाबा: त्यावर उडी नाही मारता येत.

मुलगी: मला उडी नाही मारायची.

आई: ऐकलंस?

मुलगी: बागेभोवतीही नाही फिरायचं. त्याची चाकं मोठी आणि मऊ आहेत. खडीवरून जातात, अडकत नाहीत. मधे फळी खाली झुकलीय, म्हणून ढकलताना पाय दुखत नाही.

बाबा: हे तुला कुणी सांगितलं?

मुलगी: दुकानदारानं. तुम्ही हनुवटीवरून भांडत होता तेव्हा.

आई: पण खडी आहे कुठे?

मुलगी: पुलाच्या पुढे. पाण्याच्या टाकीपर्यंत रस्ता उखडलाय.

बाबा: तो तर माझ्या घराकडचा रस्ता.

मुलगी: हो. आईकडून तुझ्याकडे. आणि परत.

आई: अगं, आम्ही सोडतो की गाडीनं!

मुलगी: पेट्रोल पंपावर सोडता. बाबा उतरत नाही, तू हॉर्न वाजवतेस. मी दप्तर घेऊन दोन गाड्यांच्या मधे उभी. मग त्याच्या गाडीत बसले की, ‘काय म्हणत होती ती?’ तुझ्या गाडीत बसले की, ‘जेवायला तरी घातलं का त्यानं?’ पंपावरची माणसं मला ओळखतात आता. मला नकोय ते. मी एकटी येईन, एकटी जाईन.

बाबा: एवढं अंतर? पाय गळून पडतील.

मुलगी: पडू देत.

आई: हे खूळ तू घातलंस तिच्या डोक्यात.

बाबा: मी? घरात दिवसभर तू असतेस तिच्याजवळ!

मुलगी: झालं सुरू.

(मुलगी भिंतीवरचा बोर्ड काढून काखेत धरते.)

आई: आणि एखाद्या दिवशी अर्ध्या वाटेवरून मागे फिरलीस तर? आम्हाला कळणार कसं?

मुलगी: फोन करीन.

बाबा: कुणाला?

मुलगी: ज्याच्याकडे येणार नसेन, त्याला.