पाचव्या बाईची भाकरी

— तो न्हाय गं, तो निळा डबा ठेव खाली — त्याच्या मागं जर्मनचा डबा हाय बघ, झाकणाला पोचा आलेला — हां, तोच. त्यातलं घे पीठ. का म्हंजे? असतात की दोन डबे घरात, तुला काय करायचंय डब्याचं — तू भाकरी करून दाखव, मी बघते. केराबाई न्हवं तुझं नाव? सांगोल्याकडची? अनिलनं सांगितलं फोनवर. अनिलकुमार, माझा लेक, त्यानंच पाठवलंय न्हवं तुला — आणि पाठवताना म्हणाला असंल, अव्वा जरा तिखट हाय, मनावर घेऊ नका. म्हणाला की न्हाय? बघ, हसलीस. म्हंजे म्हणाला. चार बायका आल्या आणि गेल्या, ते पण सांगितलं असंल. तू पाचवी. परात तितं खाली हाय, आणि पातेल्याला हात लावायच्या आधी हात धुऊन घे, राग मानू नको, मी कलेक्टर आला तरी धुवायला लावीन.

आता चौघींचं ऐक, म्हंजे तुला वाटायला नको म्हातारी उगीच खोडी काढती. पहिली आली तिनं भाकरी लाटली. लाटली! पोळपाट घेतला, लाटणं घेतलं, आणि ज्वारीची भाकरी पोळीसारखी लाटाय लागली — मी म्हटलं बाई, तुझं गाव कुटलं? तर म्हणती सोलापूरच. सोलापूरची आणि भाकरी लाटती! दुसरीचा फोन कानाला आणि खांद्याला चिकटलेला, भाकरी थापता थापता जावेचं भांडण ऐकती आणि मधीच हुंकार देती, मला कळेना हुंकार मला हाय का जावेला. तिसरी म्हणाली शेंगाची चटणी मिक्सरमधनं काढते. मी म्हटलं काढ की, पण मग तिला चटणी म्हणू नको, शेंगाचं कूट म्हण. चटणी कुटायची असती बाई, उखळात, तेल सुटूस्तवर, बोटाला लागलं पाहिजे तेल. आणि चौथी — चौथी तशी बरी होती. गरीब होती. तिची भाकरी मोडली, तव्यावर टाकता टाकता तीन तुकडे झाले, आणि रडाय लागली बिचारी. म्हणाली मावशी, माझ्या घरी असं होत न्हाय. मी म्हटलं हितं झालं न्हवं? मग जा. तसं म्हणायला नको होतं मी. असू दे.

तू बोलत न्हाईस फार. बरंय. तुमच्यात मटण असतंय न्हवं? ठाऊक हाय मला, त्यात वाईट काय, ज्याचं त्याचं पोट. पण हितं आमी लिंगायत, गळ्यात लिंग हाय, हितं अंडंसुद्धा चालत न्हाय. म्हंजे उंबऱ्याच्या आत चालत न्हाय. उंबऱ्याबाहेर माझ्या लेकाच्या शर्टाला रविवारी संध्याकाळी ऑम्लेटचा वास येतोय ते मला काय कळत न्हाय? धुणं मी लावते मशीनला! सुनेला सांगू म्हटलं एकदा, धनलक्ष्मीला, तर तिच्या ओढणीला पण तोच वास. मग काय सांगू आणि कुणाला सांगू? गप बसले. तू पण गप बस, हे बाहेर जाऊ देऊ नको. घरात काय करायचं ते ऐक — सकाळी भाकरी, एक पातळ, एक कोरडं. गरगट्टा करायचा, पालेभाज्या आणि डाळ एकत्र शिजवून घोटायची, रवी जोरात फिरली पाहिजे. पुंडीची भाजी म्हंजे तुमची अंबाडी, तिच्यात ज्वारीच्या कण्या घालतो आमी. सोमवारी कांदा न्हाय. वांगी देठासकट भरायची, देठ काढलास तर हे ताटाला हात लावत न्हाईत. हे म्हंजे आमचे मालक. बाहेरच्या खोलीत बसलेत बघ, आलीस तवा मान हलवली त्यांनी, तेवढंच त्यांचं बोलणं. चादरीचं दुकान होतं, आयुष्यभर गिऱ्हाइकाशी बोलून बोलून संपलं असंल, घरात शिल्लकच राहिलं न्हाय.

काय बघतीस पिठाकडं? पीठच हाय की. चिमटीत धरून वास काय घेतीस? शाळूचं हाय, मालदांडी, मंद्रूपला आमचं थोडं रान हाय तितलं, अशी ज्वारी सगळ्या बाजारात दाखव मला. घाल पाणी आणि मळ. बाकीच्या चौघींनी नळाचं पाणी घातलं आणि मळलं, तू काय — गॅस कशाला पेटवतीस? आधण? आधण ठेवतीस? कशाला आधण? ताज्या पिठाला आधण लागत न्हाय बाई, उगीच गॅस जातोय. बरं. ठेव. ठेव, मी कुटं नको म्हटलं? मी आपली विचारते.

तोवर हा हात बघ माझा. उजवा. दिवाळीनंतर पडले, माळ्यावरनं चटणीची बरणी काढाय गेले स्टुलावर चढून — बरणी वाचली, मनगट मोडलं. सव्वा महिना प्लास्टर. पडल्या पडल्या मी आधी बरणीचं झाकण बघितलं, त्यावरनं अनिल अजून चिडवतोय. प्लास्टर निघालं तवा डॉक्टर म्हणाला, आजी, कप धरता येईल, वेणी घालता येईल, पण भाकरी थापायचं विसरा. कसा सांगतोय बघ. विसरा! विसरायला ती काय छत्री हाय? मी म्हटलं बघू. घरी आले, दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेलेले बघून परात घेतली. ताजं पीठ, त्याच सकाळी दळून आणलेलं. मळलं. थापली. आणि उचलाय गेले तर मधनं फाटली. दुसरी केली, फाटली. मी म्हटलं पीठ खराब हाय. चक्कीवाल्याकडं गेले आणि त्याला नको नको ते बोलले, म्हटलं माझ्या ज्वारीत कुणाची ज्वारी मिसळलीस? तो शपथा घेतोय, मी ऐकत न्हाय. अनिलला मंद्रूपला पाठवून दुसरं पोतं आणाय लावलं. ते दळलं, त्याची पण फाटली. मग मी गपचीप ते पहिलं पीठ डब्यात भरून ठेवलं, आणि —

आणि काय न्हाय. तुझं पाणी उकळलं बघ.

असं घालतीस व्हय? मधी आळं करून? आणि झाकून ठेवलंस. वाफ धरू देतीस. हं. माझी आई असंच करायची, भाद्रपदात पीठ जुनं झालं की. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाती, चिकटपणाच राहत न्हाय, मग कितीबी मळ, थापताना कडा फाटती आणि उचलली की तुकडे. त्याला आधणच पाहिजे. तुला कुणी शिकवलं? — सासूनं? मेंढरं घेऊन रानात जायचीस तवा महिना-महिन्याचं पीठ बरोबर असायचं? हां. मग तुला कळणारच. तू डबा उघडलास तवाच कळलं तुला. व्हय की न्हाय? आणि तरी बोलली न्हाईस. मला वाटलं वास कशाला घेती ही बाई. बरं मग ऐक आता, कळलंच हाय तर. दोन महिन्याचं पीठ हाय ते. मुद्दाम ठेवलंय. चौघींना तेच दिलं मी. ताजं त्या निळ्या डब्यात हाय. त्या लाटणाऱ्या बाईला तर ताजं दिलं असतं तरी घालवलीच असती, पण त्या चौथीची — तिचं काय चुकलं न्हवतं गं. तिच्या घरी खरंच मोडत नसंल.

अशी बघू नको माझ्याकडं. मळ नीट, तळहाताच्या बुडानं रगड. तुला काय वाटतं, मला कळत न्हाय मी काय केलं ते? पंचेचाळीस वर्षं ह्या ओट्यापाशी मी उभी हाय. ह्या घरात मला दुसरं काय येतंय? सही करते, ती पण वाकडी. दुकानात कधी बसले न्हाय, बँकेत कधी गेले न्हाय. अनिल लहान होता तवा शाळेतनं आला की दारातनंच ओरडायचा, अव्वा, काय केलंस? अजून ओरडतोय, चाळिशी ओलांडली तरी. आता उद्या तू हितं उभी राहिलीस आणि तो दारातनं ओरडला, तर उत्तर कोण देणार? तू देणार? आणि मी कुटं बसू, टीव्हीपुढं? धनलक्ष्मी चांगली हाय, तिच्याबद्दल मी बोलत न्हाय, ती म्हणती अत्ती, म्हंजे सासूबाई, आता आराम करा. आराम करा म्हंजे काय करायचं असतंय ते एकदा मला कुणीतरी सांगा. भीती वाटती गं मला. एवढंच हाय ते.

पण पोट कुणाचं मारलं मी? ह्यांचं. अनिल काल म्हणाला, अव्वा, ही पाचवी शेवटची, हिला घालवलंस तर मेसचा डबा लावतो. मी म्हटलं लाव. म्हटलं खरं, पण ह्यांना मेसचं चालतंय होय? तीन महिने झाले, धनलक्ष्मी सकाळी घाईत चपात्या करून ऑफिसला पळती, आणि हे अर्धी चपाती मोडतात आणि म्हणतात साकु. साकु म्हंजे पुरे. ज्या माणसानं आयुष्यात तिसऱ्या भाकरीच्या आधी साकु म्हटलं न्हाय! परवा पायजम्याची नाडी चार बोटं आत ओढलेली बघितली मी. बघितली आणि तरी चौथीला घालवली. आता सांग, मी कसली बाई हाय? — न्हाय, न्हाय, सांगू नको. थाप तू.

अगं हळू, हळू — थापतीस छान हां. परातीत गरगरा फिरती. आवाज बघ कसा येतोय. तीन महिन्यांनी आला असा आवाज ह्या घरात. फाटंल बघ आता. उचलताना फाटंल. — न्हाय फाटली. तव्यावर पण न्हाय फाटली. पाणी फिरव वरनं, वाळायच्या आत उलट — तुला ठाऊक हाय, मी उगीच सांगते. आता जाळावर टाक. फुगणार न्हाय हां, ह्या पिठाची फुगत न्हाय, माझ्या आईची पण कधी — अगंबाई. टम्म फुगली की. नजर लागंल माझीच.

कोण? — अहो, तुमी कशाला उठलात? वास आला व्हय? सकाळपासनं भूक न्हाय म्हणत होता न्हवं? बसा. ही केराबाई. केराबाई, ती चटणी दे, आणि दही तितं झाकलंय. तू त्यांच्याकडं बघू नको खाताना, लाजतात. हळू खावा, चटका बसंल.

काय? — ऐकलंस काय म्हणाले? मोडायच्या आधीच म्हणाले, नुसती हातात घेऊन — ही तुझी न्हवं. अहो, माझी न्हवं ते मला ठाऊक हाय, मी हितं खुर्चीवर बसलीये, पण तुमाला कसं कळलं? — काय म्हणाले? कडेला? माझी कडेला जाड असती? पंचेचाळीस वर्षं! पंचेचाळीस वर्षं ह्या माणसानं माझी कडेला जाड भाकरी खाल्ली आणि आज सांगतोय, तेही बाहेरच्या बाईसमोर! कधी बोलला का न्हाय? मी काय मारलं असतं? दुसरीच्या हातची खाल्ली आणि लगेच तोंड फुटलं! — हं? काय पुटपुटताय, मोठ्यानं सांगा. — शेवटाला ठेवायचात? जाड कड शेवटाला ठेवायचात, दुधात बुडवून खायला? म्हंजे रोज ताटात ते जे कडेचे गोल गोल तुकडे मागं राहायचे, ते — आणि मला वाटायचं, दात दुखतायत.

बरं, बरं. आता गोड बोलू नका. लई झालं. — काय? इन्नोंदु? केराबाई, इन्नोंदु म्हणतायत, आणखी एक. पोट भराय लागलं की कानडीत येतात हे. तीन महिन्यांनी म्हणाले बघ. माझ्याकडं काय बघतीस, पदर डोळ्याला लावला तर लावला, तुझ्या पिठाचा धूर झालाय सगळा. तो निळा डबा घे आता, ताज्या पिठाची कर. उद्यापासनं सकाळी सातला यायचं, सोमवारी कांदा न्हाय, फोन कानाला लावायचा न्हाय, आणि अनिल दारातनं ओरडला तर तू गप बसायचं, उत्तर मी देणार. समजलं? आणि त्या चौथीचा नंबर असंल अनिलकडं, तिला म्हणावं, माझी चूक होती — ते मी सांगीन, तू नको सांगू. थाप. अहो, तुमी ताटाकडं बघा की, बायका काम करतायत. — थांब. केराबाई, थांब. कडेवरनं हात काढ. तितं थापू नको. राहू दे तेवढी जाड. — अजून जरा. — हां. टाक आता, आणि कुणी बोलू नका.