सुपातला काळा दाना

लिहाचं त लिहा, पन नाव टाकू नका, गावातले लोक कसे आहेत तुमाले ठाऊक नाही. मी सौंदडची. सुपातला खडा मले दुरून दिसे, माय म्हने पोरीचे डोळे घारीचे आहेत. लग्न होऊन गोरेगावाकडे आली. नवरा एचआयव्हीनं गेला, मंग माह्या रक्तातही तेच निघालं. घरात राह्यलो दोघी, मी अन् माही मोठी जाऊ, तीही विधवाच. अन् माह्या वाट्याचं वावर, धानाची बांधी. मी मेली त बांधी तिची, हे काही मी विसरली नव्हती.

गोळ्या दवाखान्यातून मीच आनत होती. धानाच्या रोवन्यात मले ताप आला म्हनून गोळ्या आनाले जाऊ गेली. डबी उघडली त गोळी वेगळीच, रंगही दुसरा. ती म्हने तिथंच बदलून देल्ली. मी मनात म्हटलं, हो वो बाई, मी का दूधखुळी आहो? काय सांगू तुमाले, तिच्यासमोर गोळी तोंडात टाकाची अन् मांगं जाऊन थुकाची, असे कितीक महिने काढले.

मंग तांदळात काळे दाने दिसाले लागले. बोट लावलं की सरकत. म्हटलं हीच टाकून राहिली, माह्या हातचं कोनी खाऊ नये म्हनून. सूप तिच्या अंगावर फेकलं, नाही नाही ते बोलली. तिनं तांदूळ परत सुपात भरले, अन् हातानं माहा डावा डोळा झाकला. म्हने, आता दिसते काय? नव्हता दिसत. हात काढला, दाना हजर.

दुसऱ्या दिवशी तिनंच एसटीत घालून नेलं. डॉक्टर म्हने अंगातली ताकद गेली की डोळ्याच्या पडद्याले असा रोग लागते, गोळ्या चालू आहेत ना? जाऊ म्हने रोज घेते जी, माह्यासमोर. तवा माही मान खाली गेली, अन् सारं सांगून टाकलं. डॉक्टर म्हने, गोळी दवाखान्यानंच बदलली होती.

डावा गेला. उजवा इंजेक्शनानं वाचला. आता तांदूळ तीच निवडते, तिचे डोळे शाबूत राहो. सांजेले गोळी माह्या तळहातावर ठेवते, अन् मी अजूनही उजव्या डोळ्याजवळ नेऊन पाह्यल्याशिवाय गिळत नाही, खोड जात नाही ना बापा. ती रागवत नाही. कंदील जवळ सरकवते अन् म्हनते,

"पाह्य, नीट पाह्य. मंग गिळ."