समुद्रतळाचा नवरदेव

— नाई खुशालभाऊ, पोरात खोट काढाले जागाच नाई! तुमी धामणगावाहून पोरीसाठी एवढ्या दूर आले, तर आईच्या तोंडून खरं आयका. आमी बाळापूरचे माळी — वांगी, मेथी, शेवंती. पण माहा गोवर्धन मुंबईले शिकला. काय शिकला? समुद्राच्या तळाशी रायणारे मासे काय खातेत, थे! हसू नका. लेप म्हणून एक मासा हाय, पोळीवानी चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाले. रेतीत अंग पुरून पडते, किडा जवळून गेला का गट्टम! अन् पाकट माशाचं तोंड पोटाखाली — काय खाऊन रायला थे त्याचं त्यालेच दिसत नाई — शिंपले कडाकडा फोडते. मुंबईहून बरफात आणलेल्या माशाईचं पोट फाडून पायते न गोवर्धन... घरात? छे! गोठ्यात. शेवंतीले वास लागला अन् गिऱ्हाईकं फिरले, थे एकदाच.

नोकरी? लागनच. मध्यप्रांत सरकारच्या साहेबानं अर्ज वाचला, शाबासकी देल्ली, अन् इचारलं, "आपल्या प्रांताले समुद्र हाय काय?" हा म्हणे, "नाई साहेब." — "मंग तो आला का कळवतो." तवापासून वाट पाहून रायला.

सभाव? गाय हाय, गाय! बार्शीटाकळीले उत्तमरावाची सुभद्रा पाहाले गेलतो आमी. लोक पोरीले रांधता येते का इचारतेत. यानं इचारलं, "सकाळपासून काय काय खाल्लं? चावून का गिळून?" म्या पदरात तोंड लपवलं. उत्तमराव लालेलाल! पण पोरगी मान वर करून म्हणे, "चावून. अन् तुमी काय खाऊन आले, एवढा वास कायचा?" — तं हा हसला, भाऊ! मुंबईहून आल्यापासून पयल्यांदा हसला. उत्तमरावानं साफ नाई म्हटलं. तवापासून धड जेवत नाई, ताटात नुसते बोटं फिरवते. कायच्या पोटात काय हाय थे सारं सांगते, अन् सोताच्या पोटात अन्न नाई.

आता कुठं हाय? मळ्यात... मळ्यात नाई. तुमच्यापुढं खोटं काहून बोलू — सकाळीच बार्शीटाकळीले गेला. म्याच भाकर बांधून देल्ली. म्हटलं, आंग घासून धू, अन् यावेळी बापाले नको, पोरीलेच इचार—

उठले काहून? चहा उकळून रायला न! मंग तुमाले बोलावलं काहून म्हणता? आता आईचा जीव, भाऊ — म्हटलं, तिकडं नाईच जमलं तं तुमचीबी पोर हातची जाऊ नये...

खुशालभाऊ! ओ खुशालभाऊ! छत्री तं घेऊन जा!