सैतानाची कवळी

बार्सिलोनापासून दूर, डोंगरातल्या बेर्गा गावच्या दातांच्या दवाखान्यात रेमेई मासिक चाळत बसली होती. समोर म्हातारा किर्झे आणि त्याची बायको आसुम्ता त्याच्या नव्या कवळीवरून भांडत होते.

"चावता येतंय ना?"

"येतंय."

"अक्रोड फुटतो ना?"

"फुटतो गं! पण माझा 'ल' गेला त्याचं काय? आपला जाडजूड, घशातून येणारा 'ल'! आता ऐक. लललल. पाण्यासारखा पातळ. अगदी बार्सिलोनावाल्यांसारखा!"

"थोडासा येतोय खरा तसा."

"थोडासा? काल बेकरीवाली नवी पोरगी मला विचारते, सुट्टीला आलात का! पंच्याहत्तर वर्षं त्याच गल्लीत राहतोय मी."

"डॉक्टर घासून देतील. पण नाताळ झाल्यावर."

"अगं, नाताळातच तर गावचं नाटक आहे! तीस वर्षं सैतान करतोय मी. असला सैतान कोण बघणार?"

"किर्झे, तीस वर्षांत तुझ्या सैतानाला एक तरी पोर घाबरलं?"

"ते जाऊ दे."

"आणि कालच्या तालमीत?"

"तिघं रडली."

"सैतान बार्सिलोनाचा वाटला म्हणून मोठ्यांनी शिव्या घातल्या, त्याही मनापासून. कवळीला हात लावायचा नाही!"

किर्झे वैतागून रेमेईकडे वळला. "बाई, आता तुम्हीच सांगा. तुम्ही कुठल्या?"

रेमेई जन्मानं बार्सिलोनाची आणि आली होती नुसते दात साफ करून घ्यायला. तिनं दोन्ही हातांनी गाल धरला आणि मोठ्यानं कण्हायला सुरुवात केली.